चेंबरखालचा इतिहास

महाराष्ट्रातल्या मोटारीचा इतिहास सांगताना कारखान्यांची नावं येतात, घाटरस्ते येतात, संस्थानिकांच्या गाड्या येतात. सुट्टीच्या सकाळी जुनी विजार घालून गाडीखाली उताणा पडलेला, चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑईलच्या भांड्याचा, नट सोडणारा गृहस्थ त्यात कुठेच येत नाही. मी अशाच एका गृहस्थाची मुलगी आहे आणि आज साठी उलटल्यावरही माझ्या गाडीचं ऑईल आणि फिल्टर स्वतः बदलते. म्हणून ही रीत कुठून आली, कशी फोफावली आणि का आटली, हे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे अगदी सुरुवातीच्या मालकांपैकी एक. त्या काळी मालकाने गाडीत बसायचं आणि वंगणाचं काम ड्रायव्हर-क्लीनरने पाहायचं, असा शिरस्ता होता. काम थोडंथोडकंही नव्हतं. तेव्हाच्या इंजिनांना ऑईल फिल्टर नसे. फोर्डच्या मॉडेल टीला तर ऑईल पाहायची पट्टीसुद्धा नव्हती. इंजिनच्या तळाशी वर-खाली अशा दोन तोट्या असत. वरची उघडल्यावर धार आली तर ऑईल पुरेसं आहे, खालचीतूनही काही आलं नाही तर इंजिन धोक्यात आहे, असा हिशेब. ऑईलमधली काजळी आणि धातूचा कीस काढून टाकायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सगळं ऑईल वारंवार सोडून देणं.

फिल्टर आला १९२३ मध्ये. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी ‘पुरोलेटर’ बनवला. पण त्यानंतरही बरीच वर्षं पंपातून निघालेल्या ऑईलचा थोडासाच भाग फिल्टरमधून जाई आणि बाकीचं न गाळताच बेअरिंगांकडे वळे. सगळं ऑईल गाळून पुढे पाठवणारी रचना नंतर रुळली, आणि हाताने फिरवून बसवायचा बंद डब्याचा फिल्टर १९५० च्या दशकात आला. घरी ऑईल बदलणं सोपं झालं ते या डब्यामुळे.

आपल्याकडे मात्र ही रीत सोपेपणापोटी रुजली नाही, टंचाईपोटी रुजली. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती. १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की सुटे भाग इथेच बनवायची तयारी असलेल्यांनीच या धंद्यात राहावं. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचं काम बंद केलं. मोटारी बनवणाऱ्यांत मुख्यतः तीन नावं उरली: कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर. आयात जवळजवळ बंद, उत्पादन परवान्यात बांधलेलं. प्रीमियरच्या नव्या फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. एकदा मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायची, हे मग ओघानेच आलं. आणि इंजिन इतकी वर्षं चालवायचं तर त्याचं ऑईल वेळेवर बदलण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नव्हता.

बाबांनी सत्तरच्या दशकात जुनी फियाट ११०० डी घेतली. प्रीमियरने हे मॉडेल १९६४ पासून बनवलं आणि सत्तरच्या दशकातच त्याच्या पुढच्या अवताराला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. बाबा खडकीच्या कारखान्यात फिटर होते. पाने, फीलर गेज, टॉर्क हे शब्द आमच्या घरात भाजीपाल्याच्या बरोबरीने बोलले जात. आणि हे फक्त आमच्याच घरात नव्हतं. खडकी-देहूरोडचे सरकारी कारखाने, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्याच्या अवतीभवती हजारो घरांत पाना धरणारे हात आले. गाडी त्यातल्या थोड्यांकडे होती, पण शेजाऱ्याची गाडी उघडली की हे हात मदतीला हजर असत. पुणेकरांच्या घरगुती सर्व्हिसिंगमागे मला या कारखान्यांचं ऋण मोठं वाटतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. गाडी आधी एक फेरी मारून गरम करायची, कारण गरम ऑईल पातळ होतं आणि तळाची काजळी घेऊन बाहेर पडतं. मग पुढची चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हा बाबांचा नियम होता आणि तो मी आजही मोडत नाही. चेंबरच्या नटाखाली पत्र्याचं घमेलं सरकवायचं, नट रिंग पान्याने ढिला करून शेवटचे आटे हाताने सोडवायचे. पहिली धार जोरात आणि तिरकी येते, म्हणून घमेलं थोडं पुढे ठेवायचं. धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. नटाखालचा तांब्याचा वॉशर नवा घालायचा. तोवर गाडीखाली आलेच आहोत, तर किंगपिनच्या निप्पलांना ग्रीसगन लावायची. गाडीबरोबर आलेला वंगणाचा तक्ता बाबांनी पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगला होता. कुठे ऑईल, कुठे ग्रीस, किती किलोमीटरनंतर, सगळं त्यात चित्रांनी दाखवलेलं होतं. माझं पहिलं यांत्रिक वाचन ते.

काढलेलं ऑईल काळं दिसलं की शेजारचे म्हणत, ऑईल खराब होतं. बाबा समजावून सांगत. आधुनिक ऑईलमध्ये साबणासारखं काम करणारी रसायनं मिसळलेली असतात. ती काजळी इंजिनाला चिकटू देत नाहीत, ऑईलमध्येच तरंगत ठेवतात. ऑईल काळं झालं म्हणजे त्याने आपलं काम केलं. ही रसायनं १९३०-४० च्या दशकांत आली. नंतर थंडीत पातळ राहणारं आणि उष्णतेत दाटपणा टिकवणारं मल्टिग्रेड ऑईल आलं, आणि आपल्या हवेत ट्वेंटी-फॉर्टी हा शब्द मेकॅनिकपासून मालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला.

ऑईल यायचं कुठून, हाही मुंबईच्याच इतिहासाचा भाग आहे. कॅस्ट्रॉल बनवणाऱ्या वेकफिल्ड कंपनीचं ऑईल १९१० पासून हिंदुस्थानात येत होतं. त्याच्या सुरुवातीच्या मिश्रणात एरंडेल असे, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या आसाला पिढ्यान्‌पिढ्या लावलं जाणारंच तेल. १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बेला माहूलच्या बाजूला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, एक एस्सोच्या घराण्यातला, दुसरा बर्मा-शेलचा. सत्तरच्या दशकात ते सरकारी होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. कुर्ल्याला गाडी आणि काही मैलांवर माहूलला तिचं इंधन अशी ही जवळीक होती. १९७२ मध्ये इंडियन ऑईलने सर्व्हो हे इंजिन ऑईल आणलं.

डबा विकत घेणं हे मात्र जोखमीचं काम होतं. रिकामे डबे भंगारात जात आणि त्यांत जुनं ऑईल जुजबी गाळून पुन्हा भरलं जाई. म्हणून बाबा नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानातूनच डबा आणत, झाकणाचं सील उजेडात धरून पाहत आणि रिकामा झाल्यावर खिळ्याने भोकं पाडूनच भंगारवाल्याला देत. ही भोकं पाडायची सवय त्या पिढीतल्या अनेक घरांत होती. एका ग्राहकाने दुसऱ्या, अनोळखी ग्राहकाची घेतलेली ती काळजी होती आणि मला तिचा अभिमान वाटतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, ग्रीसचे निप्पल नाहीत, हाताने फिरवून बसणारा फिल्टर. मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा ऑईल बदललं ते याच गाडीचं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने ताजं ऑईल लावायचं, रिंग टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग साधारण पाऊण फेरा हातानेच आवळायचा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे आधी बोटाने चाचपून पाहायचं. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर ऑईल उसळून बाहेर येतं. नवं ऑईल ओतायचं, इंजिन सुरू करून दिवा विझतो का बघायचं, बंद करून पाच मिनिटांनी पट्टी पुन्हा तपासायची. काम इतकं सुटसुटीत झालं की कुणालाही जमावं.

आणि नेमकं तेव्हाच ते घरातून जायला लागलं. मारुतीबरोबर अधिकृत सर्व्हिस स्टेशनं आली, मोफत सर्व्हिसिंगची कुपनं आली, वॉरंटीची अट आली. नव्वदच्या दशकात कंपन्या वाढल्या, वाट पाहणं संपलं. गाडी पाच-सात वर्षांत विकायची हे ठरलेलं असताना पंचविसाव्या वर्षाची काळजी कोण करणार? कार्ब्युरेटर गेला, इंजिन प्लास्टिकच्या आच्छादनाखाली गेलं, अंगणाचं बेसमेंट पार्किंग झालं आणि सोसायटीच्या नियमांत गाडीची दुरुस्ती बसेना. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली.

या इतिहासाची एक बाजू मी अजून सांगितलेली नाही. घमेल्यातलं ऑईल पुढे कुठे जायचं? आमच्या भागात ते वाया जात नसे, असं लोक कौतुकाने सांगतात. सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला बांधकामवाले न्यायचे. दाराच्या चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासलं जाई. धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडलं जाई, खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगालाही चोपडलं जाई. उरलेलं गटारात. वापरलेल्या ऑईलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळून तयार झालेली, कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. ते कातडीतून शरीरात आणि मातीतून विहिरीत उतरतं. त्या पिढीने इंजिन जपलं, पण चेंबरमधून काढलेलं ऑईल जपून कुठे द्यायचं हे तिला कुणी शिकवलं नाही.

कायदा सावकाश आला. घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ चे, सध्याचे २०१६ चे. त्यांनुसार वापरलेलं ऑईल नोंदणी झालेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यांकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक वाटा गोळा होऊन पुन्हा शुद्ध होईल हे पाहायची जबाबदारी टाकली आहे. हे शक्य आहे, कारण ऑईल जळून संपत नाही. मळतं, त्यातली रसायनं थकतात, पण मूळ तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. तरी घरी काढलेले तीन-चार लिटर गोळा करायला आजही दारात कुणी येत नाही.

मला ही रीत टिकावी असं मनापासून वाटतं. वर्षातून एकदा गाडीखाली गेलं की कुठे गळतंय, कुठे गंजतंय, रबर कुठे फाटलंय, हे सगळं आपल्या डोळ्यांनी दिसतं आणि सर्व्हिसिंगचं बिल समजून वाचता येतं. मुलगी असो वा मुलगा, गाडी चालवायला शिकवताना त्यांना चेंबरचा नटही दाखवा. पण जुनं ऑईल घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, फिल्टर उलटा ठेवून निथळू द्या आणि दोन्ही अशा गॅरेजला नेऊन द्या जिथला ड्रम नोंदणीकृत व्यावसायिक उचलतो. ‘ड्रम कोण नेतं?’ हे गॅरेजवाल्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरं गॅरेज शोधा, आणि आपल्या महापालिकेकडे संकलन केंद्राची मागणी लेखी करा.