प्रूफरीडर, कोरेक्टोर की लेक्टोर? मुद्रितशोधकाची जर्मन आणि इंग्रजी नावे

इंग्रजीतील ‘प्रूफरीडर’ या शब्दाला जर्मन भाषेत ‘कोरेक्टोर’ हा रूढ प्रतिशब्द आहे. ‘कोरेक्टूरलेझर’ हा शब्दही त्याच अर्थाने वापरला जातो. मराठीत आपण यालाच मुद्रितशोधक म्हणतो. द्विभाषी कोश बहुधा एवढे सांगून थांबतात. मात्र प्रबंध, पुस्तक किंवा अहवाल तपासून घेण्याची वेळ आली की ‘लेक्टोर’ हा तिसरा शब्द पुढे येतो आणि घोटाळा होतो. या शब्दांची गल्लत केवळ भाषेपुरती राहत नाही. तिच्यामुळे कामाची व्याप्ती, मोबदला आणि जबाबदारी ही तिन्ही बदलतात.

शब्दांची घडण

‘प्रूफ’ या इंग्रजी शब्दाचा रोजच्या वापरातील अर्थ पुरावा. त्यासाठी जर्मनमध्ये ‘बेवाइस’ हा शब्द आहे. पण त्याचा येथे काही संबंध नाही. मुद्रणव्यवसायातील प्रूफ म्हणजे छपाईपूर्वी तपासणीसाठी काढलेला ठसा. जुळवलेल्या खिळ्यांची पाने पाडण्याआधी लांब पट्ट्यांवर जे ठसे काढत, त्यांना जर्मन मुद्रक ‘फाने’, म्हणजे निशाण, म्हणू लागले. इंग्रजीत त्यांनाच खिळे ठेवण्याच्या तबकावरून ‘गॅली’ हे नाव पडले. आजच्या जर्मन छपाईत ‘प्रूफ’ हा इंग्रजी शब्द उसना घेतलेला आढळतो, पण तो प्रामुख्याने रंगांची चाचणी पाहण्यासाठी काढलेल्या प्रतीला उद्देशून. त्यामुळे जर्मन मुद्रकाने प्रूफ मागितले, तर त्याला शुद्धलेखन तपासलेला मजकूर हवा आहे असे समजू नये.

‘कोरेक्टोर’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ सुधारणारा. इंग्रजीतही पूर्वी या कामगाराला ‘करेक्टर ऑफ द प्रेस’ म्हणत. ‘लेक्टोर’ही लॅटिनच, त्याचा अर्थ वाचणारा. खरी गंमत येथे आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयासाठी होरेस हार्ट यांनी 1893 मध्ये जे नियम छापले, ते खिळे जुळवणारे आणि ‘रीडर’ यांच्यासाठी होते. तेथे रीडर म्हणजे मुद्रितशोधक. जर्मन लेक्टोरचा शब्दशः अर्थही वाचकच, पण तो मुद्रितशोधक नव्हे. प्रकाशनगृहातील लेक्टोर हस्तलिखिताची निवड करतो, लेखकाशी चर्चा करतो, रचना व शैली यांविषयी सूचना देतो. इंग्रजीत त्याला ‘एडिटर’ म्हणावे लागते.

एडिटर म्हणजे कोण?

उलट दिशेने जाताना अडचण वाढते. वृत्तपत्रातील एडिटरला जर्मनमध्ये ‘रेडाक्ट्योर’, अनेक लेखकांचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्याला ‘हेराउसगेबर’ आणि प्रकाशनगृहातील एडिटरला ‘लेक्टोर’ म्हणतात. मराठीत या तिघांनाही आपण सर्रास संपादक म्हणतो, म्हणून मराठी भाषकाची येथे विशेष फसगत होते. इंग्रजी ‘कॉपी एडिटर’ला तर नेमका जर्मन प्रतिशब्दच नाही, त्याचे काम मुद्रितशोधन आणि संपादन यांच्या सीमेवर येते.

जर्मन शब्दांना आणखीही अर्थ आहेत. विद्यापीठात परकी भाषा शिकवणारा अध्यापकही लेक्टोर असतो, तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही कोरेक्टोर म्हणतात. लिंगभेदही पाळावा लागतो. इंग्रजी ‘प्रूफरीडर’ स्त्री की पुरुष हे सांगत नाही. जर्मनमध्ये ‘कोरेक्टोर’ की ‘कोरेक्टोरिन’ हे बहुधा ठरवावे लागते.

जुना व्यवसाय, वेगळ्या खुणा

या व्यवसायाची जर्मन परंपरा जुनी आहे. लाइपझिग येथे मुद्रितशोधनाचे काम केलेल्या हिएरोनिमस होर्नशूख यांनी 1608 मध्ये या विषयावर लॅटिनमध्ये स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे कोनराड डूडेन यांचा शुद्धलेखनकोश 1880 मध्ये आला आणि 1903 मध्ये खास मुद्रणालयांसाठी त्यांचा वेगळा ग्रंथ निघाला. कारागिरांनी आपली परिभाषाही घडवली: सुटून गेलेल्या शब्दाला ते ‘लाइशे’, म्हणजे प्रेत, आणि दोनदा जुळवलेल्या शब्दाला ‘होखत्साइट’, म्हणजे लग्न, म्हणत. असे शब्द इंग्रजीत शब्दशः नेले तर अर्थ हरवतो. दुरुस्तीच्या खुणांसाठीही जर्मनीत ‘डीआयएन 16511’ आणि ब्रिटनमध्ये ‘बीएस 5261’ अशी वेगवेगळी मानके झाली.

कोणता शब्द केव्हा?

जर्मनीत आज सेवा दोन नावांनी दिली जाते. ‘कोरेक्टोराट’मध्ये शुद्धलेखन, व्याकरण, विरामचिन्हे आणि टंकनदोष तपासतात. ‘लेक्टोराट’मध्ये त्यापुढे जाऊन शैली, सुसंगती आणि मांडणी पाहतात, साहजिकच त्याला वेळ व पैसा अधिक लागतो. भाषांतराच्या क्षेत्रात आणखी एक भेद आहे. ‘आयएसओ 17100’ या मानकानुसार मूळ मजकुराशी ताडून भाषांतर तपासणे ही वेगळी पायरी आहे आणि छपाईपूर्वीचे मुद्रितशोधन वेगळी. अनुवाद मुळाशी ताडून हवा असताना केवळ ‘प्रूफरीडिंग’ मागितले, तर सुटलेले वाक्य कोणाच्याच लक्षात येणार नाही. कारण राहिलेला मजकूर शुद्धच असतो.

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा फरक अधिक जपावा लागतो. प्रबंधासोबत तो आपण स्वतः लिहिल्याचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः द्यावे लागते. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि युक्तिवादाची फेरमांडणी यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याने केलेली फेरमांडणी त्या प्रतिज्ञेला बाध आणू शकते. म्हणून लेक्टोराट घेण्यापूर्वी विभागाचा नियम पाहावा आणि मार्गदर्शकांना विचारावे.

सारांश, प्रतिशब्द निवडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मजकूर अजून हस्तलिखितावस्थेत आहे की छपाईला निघालेला? तपासणाऱ्यासमोर मूळ भाषेतील प्रत आहे काय? त्याला वाक्य बदलण्याचा अधिकार आहे, की केवळ चूक दाखवण्याचा? मजकूर छपाईला निघालेला असेल आणि चुकाच काढायच्या असतील, तर ‘कोरेक्टोर’ हाच शब्द योग्य. वाक्ये बदलण्याची मुभा द्यायची असेल, तर शोध लेक्टोरचा घ्यावा, आणि इंग्रजीत त्याला प्रूफरीडर म्हणू नये.