स्वतंत्र प्रीमियम ब्रँड (मोटार उद्योग)

सर्वसामान्य ग्राहकासाठी मोटारी बनवणारी कंपनी महागड्या गाड्यांसाठी जेव्हा वेगळे नाव, वेगळे बोधचिन्ह आणि बहुधा वेगळ्या शोरूम उभ्या करते, तेव्हा त्या नावाला स्वतंत्र प्रीमियम ब्रँड म्हणतात. होंडाचा अ‍ॅक्युरा (1986), टोयोटाचा लेक्सस आणि निस्सानचा इन्फिनिटी (दोन्ही 1989), ह्युंदाईचा जेनेसिस (2015) ही त्याची ठळक उदाहरणे. महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. पिंपरी आणि चाकण इथे टाटा व महिंद्रा यांच्या गाड्या बनतात, आणि या दोन्ही कंपन्या गेल्या दोन दशकांत या वळणावर येऊन थांबल्या आहेत. या नोंदीचे मत असे की वेगळे नाव ही पहिली नव्हे, शेवटची पायरी आहे. मूळ नावाखाली महाग गाडी विकून दाखवावी. वेगळे नाव तेव्हाच काढावे, जेव्हा त्यामागे वेगळी यंत्ररचना आणि टिकाऊ सेवाजाळे उभे असेल.

या मताविरुद्ध पहिला दाखला हमखास लेक्ससचा दिला जातो, म्हणून तो नीट तपासायला हवा. 1981 मध्ये अमेरिकेत जाणाऱ्या जपानी गाड्यांवर वर्षाला 16.8 लाखांची मर्यादा आली. गाड्या मोजूनच पाठवायच्या, तर प्रत्येक गाडीवर जास्त नफा मिळवणे भाग होते. वेगळ्या ब्रँडांची कल्पना फोफावली ती या व्यापारी अडचणीत. टोयोटाने 1983 मध्ये काम सुरू केले आणि सहा वर्षांनी नव्या व्ही-8 इंजिनाची एलएस 400 आणली. त्याच वर्षअखेरीस दोष आढळताच कंपनीने सुमारे 8,000 गाड्या परत बोलावल्या आणि अनेक ग्राहकांच्या दारातून त्या नेऊन दुरुस्त करून दिल्या. लेक्ससची कीर्ती त्या वागणुकीतून झाली. शिवाय खुद्द जपानमध्ये लेक्सस हे नाव 2005 पर्यंत नव्हतेच. तीच गाडी तिथे टोयोटा सेल्सिअर म्हणून विकली जात होती, आणि श्रीमंत जपानी ग्राहकाला टोयोटाचे नाव खटकले नाही. उलट बाजूला माझदाचा अमाती ब्रँड 1992 मध्ये एकही गाडी विकण्याआधी गुंडाळला गेला आणि इन्फिनिटीने 2020 मध्ये पश्चिम युरोप सोडला. यशस्वी नाव सगळ्यांच्या लक्षात राहते, बुडालेली नावे विसरली जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या कंपनीची गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर धावते, तिच्याच बोधचिन्हाच्या गाडीला कोणी वीस-पंचवीस लाख का मोजावेत? टाटाची एरिया (2010) आपटली, फोक्सवॅगनची फेटॉन (2002) उत्तम असूनही खपली नाही, आणि दोन्ही अपयशांचे खापर नावावर फुटले. पण फेटॉनच्याच वर्षी, त्याच बोधचिन्हासह आलेली टूआरेग दीर्घकाळ चांगली विकली गेली. नावच आडवे येत असते, तर ते दोघींनाही आडवे आले असते. टाटाच्या बाबतीत तर पुरावा आपल्या दारात आहे. 2018 च्या अखेरीस नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले. 2019 च्या जानेवारीत हॅरियर आली. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी8 रचनेवरून घेतलेला आणि डिझेल इंजिन फियाटचे. ज्या बोधचिन्हाखाली एरिया पडून राहिली, त्याच बोधचिन्हाखाली लोकांनी हॅरियर आणि नंतर सफारी घेतली. म्हणजे नावाची पत बदलते, आणि ती गाडीमागून चालते.

महिंद्राने हेच अधिक ठामपणे करून दाखवले. 2021 मध्ये एक्सयूव्ही700 साठी कंपनीने नवे बोधचिन्ह आणले, पण नाव महिंद्राच ठेवले. पुढे चाकणमध्ये बनणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विद्युत गाड्यांना स्वतंत्र इंग्लो रचना दिली, पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन हमी दिली, आणि 14 फेब्रुवारी 2025 ला पहिल्याच दिवशी 30,179 नोंदण्या घेतल्या. भारतातील आलिशान गाड्यांच्या बाजारात आघाडीवर असलेल्या, चाकणमध्येच कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने 2024 या अख्ख्या वर्षात 19,565 गाड्या विकल्या. नोंदणी म्हणजे विक्री नव्हे आणि किमतीही फार वेगळ्या, हे मान्य. तरी एक गोष्ट उघड आहे: देशातील एकूण प्रवासी गाड्यांत आलिशान गाड्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि त्याच्या अगदी खालची पायरी फार रुंद आहे. तिथल्या ग्राहकापर्यंत पोहोचायला नवे नाव लागले नाही.

हा ग्राहक फक्त महानगरांत राहत नाही. पुणे–सोलापूर महामार्गावरचे मोडनिंब घ्या. माढा तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाचा पैसा आहे. महाग गाडी घेण्याची ऐपत इथेही आहे. इथून सोलापूर साधारण साठ किलोमीटर आणि पुणे त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. नव्या ब्रँडची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर आधी पुण्या-मुंबईत निघते, जिल्ह्याच्या ठिकाणी फार उशिरा. सुट्या भागासाठी गाडी पुण्याला नेऊन ठेवायची असेल, तर हंगामात ती काय कामाची? मूळ कंपनीचे सोलापूरचे जाळे मात्र उभे असते. मोठ्या उत्पादकाचे खरे भांडवल हेच आहे, आणि वेगळे नाव काढताना तो नेमके तेच मागे टाकतो.

मारुतीने 2015 मध्ये सुरू केलेली नेक्सा हा मधला मार्ग मानला जातो: गाड्या सुझुकीच्याच, शोरूम वेगळ्या. बलेनोसाठी तो मार्ग चालला, कारण बलेनो गाडी म्हणून लोकांना आवडली. पण 2023 ची इन्व्हिक्टो, म्हणजे टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचेच रूप, त्याच शोरूममध्ये असूनही मूळ गाडीच्या तुलनेत फार थोडी खपली.

राहता राहिला टाटाचा मोठा निर्णय. नवा ब्रँड काढण्याऐवजी 2008 च्या जूनमध्ये कंपनीने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरना विकत घेतले, आणि दोन्ही नावे टाटाच्या नावापासून लांब ठेवली. फोर्डने आधी उलटे केले होते: आपल्या मॉन्डेओच्या पायावर जग्वारची एक्स-टाइप उभी केली आणि जग्वारची शान घालवली. पुढे टाटाने स्वतःच्या अविन्या या विद्युत गाड्यांच्या मालिकेसाठी 2023 मध्ये जग्वार लँड रोव्हरची ईएमए रचना घेण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात उतरला, तर यंत्ररचनेची अट त्यातून पुरी होईल. सेवेची अट पुरी करायची, तर अविन्याच्या शोरूम सजवण्याआधी सोलापूर, सांगली, लातूर इथल्या कार्यशाळांत त्या बॅटरीवर हात चालवणारे तंत्रज्ञ आणि सुट्या भागांचा साठा उभा करायला हवा.