स्नेक प्लँट

स्नेक प्लँट (शास्त्रीय नाव: ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा) ही ॲस्परागेसी कुलातील सदाहरित, बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे मूळस्थान पश्चिम व मध्य उष्णकटिबंधीय आफ्रिका हे होय. पूर्वी ती सान्सेव्हिएरिया प्रजातीत समाविष्ट होती. २०१७ साली तिला ड्रॅसीना प्रजातीत स्थान देण्यात आले. पानांवरील रंगपट्ट्यांमुळे अर्धसावलीच्या बागांत आणि कुंड्यांत ती मोठ्या प्रमाणावर लावली जाते.

वर्णन

जमिनीखालील आडव्या मूलक्षोडापासून जाड, ताठ व तलवारीसारखी पाने निघतात. पानांवर फिकट व गडद हिरवे आडवे पट्टे असतात. फुले हिरवट पांढरी व सुगंधी असून फळे नारिंगी असतात. ज्या कोंबाला फुलोरा येतो, त्याला पुन्हा नवी पाने येत नाहीत. मात्र त्याच्या बाजूला नवे फुटवे निघतात.

प्रकार

‘लॉरेन्टी’ या प्रकारात पानाच्या कडा पिवळ्या असतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला ‘अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट’ हा सन्मान दिला आहे. ‘हानी’ हा बुटका प्रकार असून त्याची पाने पक्ष्याच्या घरट्यासारखी गोलाकार रचलेली असतात.

लागवड

सकाळचे कोवळे ऊन व दुपारी सावली मिळणारी जागा या वनस्पतीस मानवते. गडद सावलीतही ती तग धरते. परंतु वाढ मंदावते आणि पट्टे फिके पडतात. दुपारच्या प्रखर उन्हात पाने करपतात. पाने पाणी साठवून ठेवत असल्याने माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचल्यास मूलक्षोड कुजते. त्यामुळे कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात उंच वाफा, वाळूमिश्रित माती अथवा छपराखालील कुंडी उपयुक्त ठरते. कडाक्याची थंडी तिला सोसत नाही.

अभिवृद्धी

पानाचे तुकडे मातीत खोचून रोपे तयार करता येतात. मात्र ‘लॉरेन्टी’साठी ही पद्धत निरुपयोगी ठरते. त्याच्या पानात हिरव्या ऊती आणि हरितद्रव्याचा अभाव असलेल्या ऊती शेजारी शेजारी असतात. तुकड्यातून फुटणारा नवा कोंब हिरव्या ऊतींपासून तयार होत असल्याने रोपाला पिवळी कड येत नाही. ती टिकवण्यासाठी मूलक्षोडाचे फुटव्यांसह विभाजन करावे लागते. संपूर्ण हिरवे फुटवे अधिक जोमाने वाढून द्विरंगी फुटव्यांना मागे टाकतात. म्हणून ते दिसताच मुळापासून काढून टाकतात.

उपयोग व विषारीपणा

पानांपासून बळकट तंतू मिळतात. धनुष्याच्या दोऱ्यांसाठी त्यांचा वापर होत असे. पानांत सॅपोनिने असल्याने ती खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना उलट्या व जुलाब होऊ शकतात. ही वनस्पती घरातील हवा शुद्ध करते, असा समज प्रचलित आहे. त्यामागे नासाच्या १९८९ सालच्या अहवालातील प्रयोग आहेत. परंतु ते लहान बंदिस्त कक्षांत झाले होते. वारा खेळणाऱ्या घरात काही कुंड्यांमुळे होणारा परिणाम नगण्य असतो.