स्प्रिंगला हात लावायचा नाही

डेट्रॉइटच्या आसपास हौशी ऑटोक्रॉसला येणारी मराठी मुलं अलीकडे बरीच वाढली आहेत. नोकरी गाड्यांच्याच धंद्यात, मनासारखी पहिली गाडी नुकतीच दारात आलेली, आणि ओळख झाली की प्रश्न ठरलेला : "काका, कॉइलओव्हर कुठले टाकू?" (म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी.) मी विचारतो, "नियमावली वाचलीस का?" पोरं हिरमुसतात. त्यांना ब्रँड हवा असतो आणि काका कायदा सांगत बसतात. पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलायचं आणि काय शेवटावर ठेवायचं, याचा जो क्रम आज या खेळात शहाणपण म्हणून सांगितला जातो, तो ना दुकानदारांनी ठरवला ना इंजिनिअरांनी. तो एका हौशी क्लबच्या नियमावलीने घालून दिला.

क्लब म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, स्थापना १९४४. युद्धानंतर इंग्लंडहून आलेल्या छोट्या एमजी गाड्यांनी इथल्या तरुणांना वळणांचा नाद लावला आणि गावांतल्या रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या. १९५२ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला शर्यत पाहायला आलेला एक लहान मुलगा दगावला आणि सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींचे दिवस भरले. पुढची दोनेक वर्षं जनरल कर्टिस लमे यांनी हवाई दलाचे तळ शर्यतींसाठी खुले करून दिले. मग कायमचे ट्रॅक बांधले गेले, आणि शर्यत हा पैसेवाल्यांचा खेळ झाला. ज्याच्याकडे एकच गाडी आणि तीच सोमवारी कामावर न्यायची, त्याच्यासाठी उरलं रिकामं पार्किंग आणि तिथलं ऑटोक्रॉस.

तिथे नारिंगी कोन मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. फेरी साधारण मिनिटभराची. कोन पडला तर दोन सेकंद दंड, गेट चुकलं तर फेरी बाद. सकाळी आल्याबरोबर लोक गाडीतून छत्री, पाण्याच्या बाटल्या, बाळाची सीट, सगळं काढून ताडपत्रीवर ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत भरून त्याच गाडीने घरी जातात. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की माती उडते. इथे डांबर नाहीतर काँक्रीट. या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये झाली. आज ती नेब्रास्कातल्या लिंकनला, विमानतळालगतच्या काँक्रीटवर होते आणि हजारावर चालक येतात.

एवढे लोक म्हणजे वर्ग पाडणं आलं. सर्वांत साध्या वर्गाचं नाव होतं 'स्टॉक'. गाडी कारखान्यातून आली तशीच आणायची. सूट मोजकी : टायर, ब्रेक पॅड, पुढचा अँटी-रोल बार आणि शॉकअप. चाकांची अलाइनमेंट हवी तशी करा, पण कंपनीने ठेवलेल्या ॲडजस्टमेंटच्या आत. सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी बुश तेच. आणि स्प्रिंगला हात लावायचा नाही.

शॉकअप मोकळा आणि स्प्रिंग बंद, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. मला त्यात व्यवहार दिसतो. शॉकअप झिजतो, कधी ना कधी बदलावाच लागतो. आणि त्याच्या पोटात कुठले व्हॉल्व्ह आहेत हे तपासायला तो कापावा लागेल. स्प्रिंगचं तसं नाही. तारेची जाडी मोजा, वेटोळी मोजा, उंची मोजा, चोरी उघडी. जे तपासता येतं ते बांधून ठेवलं, जे येत नाही ते सोडून दिलं. पण या तडजोडीने हजारो हौशी माणसांना गाडीच्या ज्या भागाकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याचा अभ्यास करायला लावलं.

त्या भागाशी माझी ओळख घरातली. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली, तिचा पहिला कारखाना मुलुंडला. वडील तिथे होते. सोसायटीत कोणाचीही फियाट उभी दिसली की तिचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचे आणि सोडून द्यायचे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर गप्प. पुन्हा पुन्हा डोलली तर वर जाऊन मालकाला सांगून यायचे, "शॉकअप गेलाय, जोशीसाहेब, घाटात नेऊ नका." शॉकअपचं काम त्या एका दाबण्यात कळतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप तिची उसळी जिरवतो.

हे जिरवण्याचं तंत्र सापडायला मात्र वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या त्रुफोने कात्रीसारख्या दोन दांड्या आणि त्यांच्यामध्ये घासणाऱ्या चकत्या अशी जोडणी केली. एडवर्ड हार्टफर्ड तिची कल्पना अमेरिकेत घेऊन आला. मधला नट आवळला की शॉकअप कडक, सैल केला की मऊ. म्हणजे ॲडजस्ट होणारा शॉकअप तेव्हापासूनचा आहे. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने आधी एक्झॉस्टच्या वायूवर वाजणारा गॅब्रिएल हॉर्न विकला, मग 'स्नबर' काढला. त्यात पट्टा होता. चाक खड्ड्यातून वर येताना तो सैल सोडायचा आणि स्प्रिंग उलट उसळू लागली की आवळून धरायचा. या गॅब्रिएलचं नाव पुढे मुलुंडच्या फाटकापर्यंत आलं.

घर्षणावर चालणाऱ्या या सगळ्या यंत्रांत एक खोट होती. कोरडं घर्षण लहान गचक्याला जवळजवळ जाम राहतं आणि मोठ्या धक्क्याला कमी पडतं. हवं होतं नेमकं उलटं : हळू हालचालीला हलका विरोध, जोराच्या हालचालीला जोराचा. ते तेलाने साधलं. फ्रान्सच्या मोरिस हूदायने तेलाचा फिरता शॉकअप केला आणि फोर्डने तो मॉडेल ए गाडीला कारखान्यातच बसवून दिला. मग नळीत नळी सरकणारे टेलिस्कोपिक शॉकअप रुळले. एकाच नळीत दाबाखाली गॅस कोंडण्याची युक्ती बूर्सिए द कार्बों या फ्रेंच संशोधकाची. बिल्स्टीनने ती १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी कारखान्यात उतरवली. लागोपाठच्या कोनांत डावी-उजवी करताना तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसच्या दाबाने ते टळतं.

'स्टॉक' वर्गातल्या सामान्य माणसाचा शॉकअप मात्र पिवळा : कोनी. ही डच कंपनी १८५७ पासूनची, सुरुवात घोड्यांच्या साजापासून. जुन्या पद्धतीचा पिवळा कोनी ॲडजस्ट करायचा तर तो गाडीतून काढावा लागतो. गॅरेजच्या फरशीवर उभा धरायचा, दांडा पूर्ण खाली दाबायचा आणि हलकेच फिरवत राहायचं. तळाशी एक खाच सापडते, हाताला 'टक्' जाणवतं. आता अर्धा फेरा कडक बाजूला, आणि दांडा सरळ वर ओढायचा. याने फक्त उसळीचा विरोध वाढतो, दबण्याचा नाही. फॉस्टरच्या पट्ट्याचीच कल्पना, पण तेलात. स्प्रिंग कंपनीचीच असल्यामुळे गाडी कलायची तेवढी कलतेच. फक्त ती धपकन न कलता सावकाश कलते, आणि पुढच्या कोनाआधी चालकाला हात फिरवायला फुरसत मिळते. ऑटोक्रॉस म्हणजे सतत दिशा बदलणं, म्हणून मिनिटभराच्या फेरीत हा फरक घड्याळात दिसतो.

नियमाने बंद ठेवलेल्या स्प्रिंगचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. मॉरिस ऑली हा रोल्स-रॉईसमध्ये वाढलेला इंग्रज १९३० मध्ये कॅडिलॅकला आला. त्याने एका लांबलचक लिमोझीनला पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली आणि डेट्रॉइटच्या साहेबांना तीत बसवून फिरवलं. निष्कर्ष त्या काळच्या समजाविरुद्ध होता : पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू थोडी घाईने हलली तरच दोन्हींचे हेलकावे जुळतात आणि गाडी सपाट राहते. १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्या मऊ, स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन घेऊन आल्या. पुढची बाजू मऊ झाली की वळणात कलणार; तो कल आवरायला अँटी-रोल बार. आज आपण 'परफॉर्मन्स पार्ट' म्हणून विकत घेतो तो बार मुळात आरामदायी गाडीचा जोडीदार आहे.

म्हणूनच पुढे जाड स्प्रिंग टाकून आणलेली गाडी मिशिगनच्या हायवेवर लगेच ओळखू येते. इथले काँक्रीटचे रस्ते तुकड्यातुकड्यांचे, दर जोडावर एक ठोका. ऑलीने मोडलेला हेलकावा गाडी पुन्हा सुरू करते आणि चालकाची मान ऑफिसपर्यंत होकार देत राहते.

दुसरी भानगड स्ट्रटची, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र करून चाकाला वरून धरणाऱ्या खांबाची. अर्ल मॅकफर्सनने तो शेव्हरलेच्या एका छोट्या गाडीसाठी आखला. ती योजना बारगळली, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलवर स्ट्रट लोकांसमोर आला. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागेत मावणारा. आपल्या मारुती ८०० च्या पुढे तोच. होंडाने सिव्हिकला बरीच वर्षं पुढे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म, दिला होता. २००१ च्या मॉडेलपासून तिथेही स्ट्रट आला आणि ऑटोक्रॉसवाल्यांनी सुतक पाळलं. कारण स्ट्रटची गाडी खाली बसवली की चाकाला धरणारी खालची आर्म आडवी होते, नंतर बाहेरच्या टोकाला वर चढते. मग गाडी कलताना बाहेरचं चाक रस्त्यावर नीट टेकायच्या ऐवजी वरून बाहेर झुकतं आणि टायर खांद्यावर घासतो. दिसायला गाडी रुबाबदार, पण पकड गेलेली.

शिवाय शॉकअपचा दबण्याचा प्रवास संपतो. कोणाला पटत नसेल तर मी शॉकअपच्या चकचकीत दांड्याला एक प्लास्टिकचा केबल टाय बांधायला सांगतो. एक फेरी मारून ये आणि टाय कुठवर सरकलाय बघ. खाली बसवलेल्या गाडीचा टाय बहुतेक वेळा बंप स्टॉपच्या रबराला जाऊन चिकटलेला असतो. म्हणजे ऐन वळणात स्प्रिंगचं काम रबर करत होतं, आणि रबराला टेकताक्षणी पकड सुटत होती. नियमाने स्प्रिंग बंद ठेवली म्हणून आमच्या पिढीचा हा खर्च वाचला.

नियमाचे तोटेही झाले. मोकळ्या सोडलेल्या शॉकअपवर माणसं वाहवत गेली. साध्या स्प्रिंगवर रेसचे शॉकअप चढले, त्यांना चार-चार ॲडजस्टमेंट आल्या, किंमत जुन्या गाडीइतकी झाली. मग लगाम आला : बाहेरून करायच्या ॲडजस्टमेंट दोनच. टायरचंही तेच. 'स्टॉक' म्हणवणाऱ्या गाड्या रेसचे चिकट टायर डिकीत घालून आणत आणि मैदानावर बदलत. २०१४ मध्ये क्लबने 'स्टॉक' मोडून 'स्ट्रीट' वर्ग केला, रस्त्यावर टिकणारे टायर सक्तीचे केले, आणि जाता जाता एक छोटा बदल केला : अँटी-रोल बार पुढचाच नव्हे, पुढचा किंवा मागचा, कोणताही एक बदला.

त्या एका 'किंवा'ने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं नशीब पालटलं. अशा गाडीचे पुढचे टायर ओढायचं आणि वळायचं अशी दोन्ही कामं करतात आणि आधी थकतात. मागचा बार जाड केला की कल पेलण्याचा जास्त वाटा मागच्या चाकांवर जातो, पुढचं आतलं चाक जमिनीला जास्त धरून राहतं आणि गाडी आत वळते. आतलं मागचं चाक हवेत उचललेलं दिसतं. बघणाऱ्याला धडकी भरते, पण गाडीला त्या चाकाचं तेव्हा फारसं काम नसतं. माझ्या सिव्हिकखाली मागचा बार त्या बदलानंतर आला. त्याला दोन भोकं आहेत. उन्हाळ्यात कडक भोक. पहिला बर्फ पडायच्या आत मऊ, कारण निसरड्यावर हीच गाडी शेपूट काढते आणि तेव्हा शेजारच्या सीटवर बायको असते.

आता प्रश्न नव्या गाड्यांचा आहे. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे शॉकअप आले. आता अशा गाडीला अर्धा फेरा द्यायला दांडा फिरवावा लागत नाही, सॉफ्टवेअर पुरतं. नियमावलीवाल्यांना शब्द पुन्हा घासून घ्यावे लागतील.

तोवर माझं उत्तर जुनंच. पहिला हंगाम गाडी आहे तशी चालव. मग टायर, मग कंपनीच्या मर्यादेत जमेल तेवढी अलाइनमेंट, मग एक बार, मग शॉकअप. स्प्रिंग बदललीस की स्ट्रीट वर्गातून बाहेर पडशील आणि ज्यांनी गाडीचं सगळंच बदललंय त्यांच्याशी गाठ पडेल. तीही रोज ऑफिसला जाताना मान हलवत. यावर पोरं म्हणतात, काका जुन्या वळणाचे आहेत. असेन. पण निकालाची यादी लागते तेव्हा स्ट्रीट वर्गातल्या गाड्या खाली बसवलेल्या कितीकांच्या वर असतात, आणि ती यादी मी लिहीत नाही.