चाकाचा आउट



मागच्या महिन्यात माउंट टॅमवरून उतरताना एक दगड असा काही लागला की पुढच्या चाकाचा पार पापड झाला. उरलेली वाट सायकल खांद्यावर. दुकानात एक नजर टाकून "नवीन घ्या" म्हणाले. पुण्यात आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका चहा निवायच्या आत आउट काढून द्यायचे आणि इथे अख्खं चाक फेकायचं? डिग्री जरा डिवचली गेली.

आधी थोडा इतिहास. बैलगाडीचं वजन खालच्या आऱ्यांवर उभं असतं. जाड लाकूड तो दाब सोसतं. सायकलची दोन मिलिमीटरची तार दाबली तर वाकणारच. म्हणून ती आधीच ताणून ठेवायची. ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रजाला सुचली १८०८ मध्ये, आणि तीही उडत्या यंत्राच्या हलक्या चाकासाठी! सायकलसाठी तिचं पेटंट घेतलं पॅरिसच्या युजीन मेयरने, १८६९ मध्ये. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल'चं पेटंट घेतलं. पण तिच्या तारा हबमधून सरळ निघायच्या, पायडलचा पीळ त्यांना नीट पेलवेना. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा स्पर्शरेषेत, एकमेकींना छेदत लावल्या. माझ्या चाकातही तीच वीण आहे.

मग पापड का होतो? आपल्याला वाटतं हब वरच्या तारांना लटकलेलं असतं. जॉब्स्ट ब्रँट या इंजिनियरने १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' पुस्तकात हे खोडून काढलं. भार पडला की वरच्या तारांचा ताण जेमतेम बदलतो. कमी होतो तो खालच्या चार-पाच तारांचा. जोवर थोडा ताण शिल्लक आहे तोवर सगळं ठीक. दगडाने तो शून्यावर आणला की रिमला बाजूचा आधारच उरत नाही.

शनिवारी गराजमध्ये सायकल उलटी केली, टायर काढला, सगळे निपल सैल केले आणि रिम पायरीला लावून गुडघ्याने दाबली. मग चिमट्याला काटा म्हणून प्लास्टिकची पट्टी बांधली. रिम उजवीकडे जात असेल तर तिथल्या डाव्या तारा पाव फेरा आवळायच्या, उजव्या तेवढ्याच सैल. एवढं सोपं! फक्त सायकल उलटी असल्याने पहिला अर्धा तास मी आवळायच्या ऐवजी सोडत होतो. असो.

काटा दिसायला सरळ आला, तरी तारा तानपुऱ्यासारख्या छेडल्यावर काही बसक्या, काही चढ्या. म्हणजे रिम मुळातच वाकलीय आणि तारा तिला ओढून सरळ धरतायत. तीन तासांनी दीड मिलिमीटर आउट राहिला तो राहिलाच.

ऑफिसला याच चाकावर जातो. टॅमसाठी मात्र नवी रिम मागवलीय, तारा त्याच वापरणार. काका या सगळ्यासाठी फक्त अंगठा चिमट्यावर टेकवायचे.