‘यमुनापर्यटना’तील वाट आणि प्राक्तन



माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर झाले. तेव्हा मी पंडित म्हणून बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव सारे घेतात, वाचणारे थोडे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पण घराघरांत ‘प्राक्तन’ हा शब्द कायद्याहून बळकट होता. वैधव्य हे गतजन्मीच्या पापाचे फळ, असे एकदा ठरले की फिर्याद करायची कोणाविरुद्ध?

पदमनजींनी युक्ती केली ती प्रवासाची. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव हिंडतात, आणि जागोजागी त्यांना विधवांच्या हकिकती कळतात. कथानक म्हणून ही रचना विसविशीत आहे, हे मान्य. मला मात्र पुस्तकाचे बळ तिच्यातच दिसते. एकीची गोष्ट ऐकली तर आपण म्हणतो, बिचारीचे नशीब! पाचवी, सहावी ऐकल्यावर प्रश्न पडतो, सगळ्यांचे नशीब एकाच साच्यातले कसे?

विडीकामगार बायांत हिंडताना मी हेच पाहिले. संध्याकाळी मुकादम विड्या बाद करी. प्रत्येक बाई आपल्या हाताला आणि नशिबाला दोष देत घरी जाई. एका गल्लीतल्या बायांनी बाद विड्यांचा आकडा महिनाभर वहीत मांडला. हात निराळे, आकडे जवळजवळ सारखे. त्या वहीनंतर नशिबाचे नाव कमी झाले.

मग खुद्द विनायक मरतो, आणि इतके दिवस ऐकणारी यमुना स्वतःच त्या हकिकतींतली एक होते. हा डाव फार मोठा आहे. वाचक तिच्याबरोबर हिंडलेला असतो. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते तिच्याइतकेच त्यालाही ठाऊक असते.

पण इथेच माझे लेखकाशी भांडण आहे. प्राक्तन नाकारणाऱ्याला आपल्या नायिकेची वाट मोकळी करायला एक अवचित मृत्यू लागतो. १८५४ मध्ये स्वतः ख्रिस्ती झालेले पदमनजी त्यात ईश्वराची योजना पाहत असतील. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. यमुना ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते, सुटते. ती सुटते एकटी. बाकीच्या बाया वाटेवरच्या गावांत राहिल्या; त्यांची वही कोणी मांडायची, हे पदमनजींनी सांगितलेले नाही.