जुन्या वस्तूंचा व्यापार

नव्या मालाच्या दुकानदारास माल संपला म्हणजे कारखान्याकडे मागणी पाठवितां येते. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचें गुदाम म्हणजे भोंवतालचीं घरें. तीं दारें बंद झालीं कीं त्याचा व्यापार खुंटला. आपल्याकडे ज्यांनीं हा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालविला, त्यांनीं हें मर्म ओळखिलें होतें.

बोहारणीचेंच उदाहरण घ्या. भांड्यांची पाटी घेऊन ती दारीं येई, लुगड्याचा पदर उजेडाकडे धरून वीण पाही, कांठाची जर खरी कीं खोटी हें पारखी, आणि मगच पातेलें पुढें करी. पुढें धड कपडे धुऊन-शिवून बाजारांत जात, फाटके यंत्रें पुसण्यास कारखान्यांत जात, व खरी जर जाळून चांदी काढीत. कोणता माल कोणाकडे जाईल हें ठरवून मगच तो घेणें, हा पहिला धडा होय.

दुसरी गोष्ट वेळेची. मुंबईच्या चोरबाजाराचा शुक्रवार व पुण्याच्या जुन्या बाजाराचे बुधवार-रविवार प्रसिद्ध आहेत. वार ठरला म्हणजे जाहिरातीवांचून गिऱ्हाईक येतें. वाराप्रमाणेंच हंगामहि पाहावा लागतो. सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूर हें गांव, १९३४ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्यामुळें वाढलें. अशा गांवीं उसाच्या गळितांत पैसा खेळतो व पावसाळ्यांत आटतो. साहजिकच घरांतील वस्तु पावसाळ्यांत बाहेर निघणार व गळितांत खपणार. मधले महिने भांडवल अडकणार.

तें टाळण्याचा जुना उपाय म्हणजे अडत: वस्तु मालकाची, जागा अडत्याची, व विक्रीनंतर ठरलेली अडत कापून बाकी रक्कम मालकास. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मुखत्यारानें मालक मागेल तेव्हां हिशेब दिला पाहिजे. म्हणून वस्तु, किमान किंमत, अडत व मुदत हीं वहींत मांडून दोघांनीं सह्या कराव्या. देणाऱ्याचें नांव-ठिकाणहि लिहावें. कारण १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें विकणाऱ्यासच हक्क नसेल, तर सामान्यतः घेणाऱ्यासहि तो मिळत नाहीं.

जुनी वस्तु घेऊन येणारा पुष्कळदां अडचणींत असतो. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण दुकानदारासहि ठाऊक असते. तिचा फायदा घेऊन तांब्याचा चांगला हंडा मोडीच्या भावानें घेणारास एक हंडा मिळतो. परंतु त्या आळींतील दुसरें दार त्याच्यासाठीं उघडत नाहीं.